‘उत्कृष्ट विस्तार शास्त्रज्ञ’ पुरस्काराचा मेल आला असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा

डिसेंबर उजाडला की विस्तार शिक्षणातल्या, म्हणजे शेतीतलं नवं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणाऱ्या लोकांना अभिनंदनाचे मेल यायला लागतात. कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ, कृषी महाविद्यालयांतले सहायक प्राध्यापक, ‘आत्मा’ या शासकीय कृषी विस्तार यंत्रणेचे तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक, कोणीच त्यातून सुटत नाही. अमुक राष्ट्रीय सोसायटीच्या निवड समितीने आपल्या भरीव कार्याची दखल घेऊन आपलं नाव पुरस्कारासाठी निश्चित केलं आहे, असा मजकूर असतो. कोणतं कार्य, हे लिहिलेलं नसतं, कारण पाठवणाऱ्याला ते माहीतच नसतं. पत्ता जुन्या परिषदेच्या स्मरणिकेतून किंवा एखाद्या शोधनिबंधाच्या तळटीपेतून उचललेला असतो.

आमच्या क्षेत्रातल्या एका मॅडमचे अशा मेलपायी 11,200 रुपये गेले आणि एक चांगला शोधनिबंधही गेला. पैसे एकदम गेले नाहीत, आणि नेमकं तेच समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीला फक्त बायोडेटा आणि फोटो मागितला. दोन दिवसांत निवड झाल्याचं पत्र आलं. मग कळवलं, की सोसायटीच्या घटनेनुसार पुरस्कार आजीव सदस्यांनाच देता येतो, त्याचे 3,000. ते भरल्यावर पुरस्कार नोंदणी शुल्क 4,500, आणि मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. सोहळा दिल्लीत एका हॉटेलात होणार होता, तो आठवडाभर आधी ‘अपरिहार्य कारणामुळे’ ऑनलाइन झाला. मग मोमेंटो आणि प्रमाणपत्राच्या कुरियरचे 1,200. शेवटी, पुरस्कारार्थींचे निबंध आपल्या नियतकालिकाच्या विशेषांकात घेणार म्हणून 2,500.

यातली एकही मागणी वेगळी काढून पाहिली तर खटकत नाही. खऱ्या सोसायट्याही आजीव सदस्यत्वाची वर्गणी घेतात, परिषदेचं नोंदणी शुल्क घेतात, विशेषांक काढतात. त्यामुळे ‘पैसे मागितले म्हणजे बोगस’ ही कसोटी इथे चालत नाही. पाहायचा तो क्रम. खऱ्या संस्थेत माणूस आधी सदस्य होतो, पुढे कधीतरी नामांकन जातं, त्यानंतर निवड होते. इथे निवड आधी झाली आणि सदस्यत्व नंतर आलं. ज्या पुरस्काराला सदस्य असणं ही पात्रतेची अट आहे, तो सदस्य नसलेल्या माणसाला जाहीर होतोच कसा, हा एक प्रश्न पहिल्या पैशाआधी विचारला असता तरी पुरे होता. दुसरी खूण म्हणजे, ‘तरुण शास्त्रज्ञ’, ‘उत्कृष्ट विस्तार शास्त्रज्ञ’, ‘उत्कृष्ट केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) शास्त्रज्ञ’, ‘जीवनगौरव’, ‘फेलो’ यांपैकी आपल्याला कोणता हवा, ते अर्जदारालाच निवडायला सांगितलं होतं. जिथे परीक्षण होतं तिथे असं होत नाही.

आता प्रमाणपत्राकडे बारकाईने पाहू. वर तीन बोधचिन्हं, मधोमध नाव, खाली क्यूआर कोड आणि त्याच्याशेजारी ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असं लिहून एक क्रमांक. क्रमांकाची सुरुवात ‘उद्यम’ने होती. उद्यम नोंदणी ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची असते. झेरॉक्सच्या दुकानालाही ती मिळते, तीही विनामूल्य आणि स्वयंघोषणेवर. म्हणजे ज्याला सोसायटी म्हणून पैसे दिले त्याची ही नोंद फक्त एक व्यवसाय म्हणून होती. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्यांच्याच संकेतस्थळावरचं त्याच प्रमाणपत्राचं चित्र उघडत होतं. त्याने पडताळणी काहीच होत नाही.

नोंदणीच्या बाबतीत आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली सात माणसं एकत्र आली की सोसायटी नोंदवता येते. त्यातून ती कायदेशीर संस्था ठरते, तिच्या पुरस्काराला मान्यता मिळत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक हा स्वयंसेवी संस्थेच्या नोंदीचा क्रमांक आहे, शिफारस नाही. आयएसओ 9001 कामाच्या व्यवस्थापन पद्धतीला मिळतं, शास्त्रीय गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्रातली सोसायटी असेल तर ती सहसा धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. तिथे विश्वस्तांची नावं आणि लेखापरीक्षित हिशेब जमा करावे लागतात. आपल्या हाती असलेल्या क्रमांकावरून ते तपासा किंवा संस्थेलाच मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. खऱ्या संस्थेला त्यात अडचण वाटत नाही.

पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर दोन मिनिटांत बरंच कळतं. तो 15 अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, मालक कोण ते सांगतं. तिथे ‘पी’ असेल तर तो व्यक्तीचा पॅन आहे. ‘टी’ असेल तर न्यासाचा, ‘ए’ व्यक्तिसमूहाचा, ‘सी’ कंपनीचा. स्वतःला राष्ट्रीय सोसायटी म्हणवणाऱ्याच्या पावतीवर तिथे ‘पी’ दिसला तर तिथेच थांबा. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव स्क्रीनवर दिसतं, तेही वाचा. मॅडमच्या वेळी तिथे एका माणसाचं नाव आलं होतं आणि ‘खजिनदारांचं खातं आहे’ एवढ्या उत्तरावर व्यवहार पुढे गेला.

बोधचिन्हं कोणीही कॉपी करून लावू शकतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं किंवा एखाद्या कृषी विद्यापीठाचं चिन्ह पत्रकावर दिसलं तर त्या संस्थेच्या कार्यालयाला एक ओळीचा मेल करा: या कार्यक्रमाला आपलं सहआयोजन आहे का? लेखी उत्तर हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. सल्लागार मंडळात निवृत्त कुलगुरूंचे फोटो असले तर त्यांना थेट विचारा. परिषदेच्या जाहिरातीत मोठ्या शास्त्रज्ञांची नावं त्यांच्या संमतीशिवाय वापरली, हा हैदराबादच्या एका प्रकाशन कंपनीवरचा एक आरोप होता. त्याच प्रकरणात मार्च 2019 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तिला 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. खोटं परीक्षण, लपवलेलं शुल्क आणि निबंध मागे घेऊ न देणं हेही त्यात होतं. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवटही पाहा. एसी डॉट इन आणि आरईएस डॉट इन हे पत्ते शैक्षणिक व संशोधन संस्थांनाच मिळतात. डॉट ओआरजी कोणीही विकत घेतो. पत्ता कधी नोंदवला गेला ते हू-इज (संकेतस्थळांच्या नोंदींच्या) शोधात दिसतं. ‘गेली वीस वर्षं कार्यरत’ म्हणणाऱ्या संस्थेचा पत्ता सहा महिन्यांपूर्वीचा निघाला तर उत्तर मिळालंच.

खरी हानी मात्र निबंधाची. विस्तार संशोधनात माहिती प्रयोगशाळेत तयार होत नाही. मुलाखत अनुसूची (प्रश्नांचा तक्ता) बनवायची, पूर्वचाचणी घ्यायची, गावं निवडायची, 120 शेतकऱ्यांकडे बसून एकेक रकाना भरायचा. तोही त्यांच्या सवडीने, कधी बांधावर, कधी रात्री जेवणं झाल्यावर. मॅडमचा निबंध अशा कामावर उभा होता. तो परीक्षणाशिवाय चार दिवसांत छापला गेला. आता तोच दुसऱ्या नियतकालिकाला पाठवला तर दुबार प्रकाशन ठरतं. आणि मागे घ्यायचा म्हटलं तर ‘विड्रॉल फी’ मागतात. शेतकऱ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती अशा ठिकाणी अडकली की कोणाच्याच कामी येत नाही, याचं आम्हाला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

विशेषांकाच्या पत्रात ‘आयएसएसएन प्राप्त, इम्पॅक्ट फॅक्टर 7 पेक्षा अधिक, यूजीसी केअर मान्य’ असं होतं. तिन्ही गोष्टी नीट पाहू. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकांचा ओळख क्रमांक आहे (शेवटी कधी एक्स असतो), तो मोफत मिळतो आणि दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. पुस्तकातल्या प्रकरणासाठी पैसे मागताना दाखवतात त्या आयएसबीएनचंही (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचंही) तेच. आपल्या देशात तोही सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती संदर्भ घेतला त्याचा आकडा, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधलाच धरला जातो. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांचे निर्देशांक विकत मिळतात. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यूजीसी केअर यादी 2019 मध्ये सुरू झाली होती, ती आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. त्यानंतरच्या पत्रात ‘सध्या केअर यादीत’ असं कोणी लिहीत असेल तर ते खोटं आहे. शेतीच्या क्षेत्रात राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीची नियतकालिकांची गुणांकन यादी पाहिली जाते. ती 1 जानेवारीपासून लागू होते आणि दरवर्षी बदलते. नाव, आयएसएसएन आणि वर्ष या तिन्ही गोष्टी त्या यादीत स्वतः जुळवा, पैसे मागणाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा स्क्रीनशॉट धरू नका. चांगल्या नियतकालिकाच्या नावाने हुबेहूब दुसरं संकेतस्थळ उभं करण्याचा प्रकारही चालतो. म्हणून निबंध पाठवायचा पत्ता त्या नियतकालिकाच्या जुन्या छापील अंकावरून घ्या. डीओआय क्रमांक (ऑनलाइन निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) दिला असेल तर डीओआयच्या मूळ संकेतस्थळावर टाका. उघडला नाही तर तो बहुधा बनावट आहे.

मॅडमच्या पदोन्नतीच्या वेळी काय झालं? छाननी समितीने पुरस्कार आणि निबंध दोन्ही मोजले नाहीत. समिती विचारते: पुरस्कार कोणी दिला, निवडीचे निकष कुठे प्रसिद्ध आहेत, त्या वर्षी एकूण किती जणांना दिला. एकाच सोहळ्यात एकाच नावाचा पुरस्कार शंभरावर लोकांना दिल्याचं पुरस्कार देणाऱ्यांच्याच यादीवरून दिसलं, तर पुढे बोलायला काही उरत नाही. पैसे भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचा किंवा संस्थेचा गुणतक्ता (पदोन्नतीत कशाला किती गुण, तो) काढा आणि ‘मान्यताप्राप्त’ची व्याख्या आस्थापना शाखेला लेखी विचारा. बोगस पुरस्काराची सगळी विक्री या गुणतक्त्यातल्या एका रकान्यावर चालते, आणि रकाना भरत नसेल तर त्या कागदाला किंमत नाही.

ज्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1964 लागू आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक धोका. नियम 14 नुसार पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र घेता येत नाही किंवा आपल्या सन्मानार्थ भरलेल्या सभेला जाता येत नाही. खासगी संस्थेचा पुरस्कार परवानगीशिवाय घेतला आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकला, तर गुण मिळायचे राहिले बाजूला, खुलासा मागणारं पत्र येऊ शकतं. राज्य सेवेतल्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 पाहावेत. ‘मानद डॉक्टरेट’ देऊ करणारे मेलही याच मालिकेतले. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम 1956 च्या कलम 22 प्रमाणे पदवी विद्यापीठाने किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थेनेच द्यायची असते; ट्रस्टने दिलेली डॉक्टरेट नावापुढे लावू नका.

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रंही अशीच विकली जातात. सात दिवसांचा ‘राष्ट्रीय’ ऑनलाइन कार्यक्रम, हजेरी नाही, शेवटी गुगल फॉर्म आणि 500 रुपये. याची गरजच नसते, कारण आपल्या कामासाठी खऱ्या जागा आहेत: हैदराबादचं मॅनेज (राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था) आणि नार्म (राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी), पश्चिम विभागासाठी आणंदची विस्तार शिक्षण संस्था, नागपूरची वनामती (राज्याची कृषी विस्तार प्रशिक्षण संस्था) आणि तिच्या विभागीय संस्था. यांना नामांकन कार्यालयामार्फत जातं, म्हणून वेळ लागतो. वर्षाच्या सुरुवातीला त्यांचं प्रशिक्षण वेळापत्रक काढून प्रमुखांकडे अर्ज देऊन ठेवला तर मार्चअखेरची धावपळ टळते. मॅनेजचा कृषी विस्तार व्यवस्थापनातला एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो.

पैसे आधीच भरले असतील तर लाज वाटून गप्प बसू नका. व्यवहार ताजा असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवता येते ती याच वेळी; उशीर झाला की शक्यता झपाट्याने कमी होते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला व्यवहार क्रमांकासह लेखी कळवा. मेल पुसू नका आणि नुसता स्क्रीनशॉटही ठेवू नका; मूळ मेल हेडरसकट (मेल कुठून आला याच्या तांत्रिक माहितीसकट) जतन करा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. पैसे भरूनही ठरलेली सेवा मिळाली नाही असं प्रकरण असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद होते. ज्यांचं बोधचिन्ह वापरलं त्या संस्थेला प्रमाणपत्राची प्रत पाठवा. खरी कारवाई बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. आधार आणि पॅनच्या प्रती दिल्या असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, पुढचे काही महिने आपल्या नावावर कर्ज उचललं गेलं नाही ना ते क्रेडिट अहवालात पाहत राहा.

आणि निबंध तिकडे गेला असेल, तर छापून येण्याआधीच ‘मी हा निबंध मागे घेत आहे, प्रताधिकार हस्तांतरण पत्रावर मी सही केलेली नाही’ असा मेल संपादकाला पाठवून त्याची प्रत सहलेखकांना द्या. सही केली असेल तर तारखेसह तसं लिहा. विड्रॉल फी भरू नका. ती भरली तरी निबंध संकेतस्थळावरून उतरेलच असं नाही. पुढे त्याच माहितीवर नव्याने लिहायचं ठरवलं, तर नव्या संपादकाला हा सगळा पत्रव्यवहार निबंधासोबतच पाठवा.