मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन की होया?

घरात वेल लावायची ठरली की पानं बघून निवड होते. आधी बघावी खिडकी, आणि घरात मांजर, कुत्रं किंवा रांगतं मूल आहे का ते.

मनीप्लांट आणि हृदयाकृती पानांचा फिलोडेंड्रॉन दोन्ही अळूच्या कुळातले. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. होया रुईच्या कुळातली. देठ मोडला की पांढरा चीक येतो, पण जाड मेणचट पानांची नेहमीची होया मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. पानं कुरतडणारं मांजर घरात असेल, तर होयाच घ्या.

पहिल्या दोघांत नर्सरीतही गल्लत होते. नवं पान कुठून येतं ते बघा. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ आवरणातून बाहेर पडतं आणि ते आवरण सुकून पापुद्र्यासारखं गळतं. मनीप्लांटला असं आवरण नसतं. त्याचं पान जाडसर आणि देठाला वरच्या बाजूने खोबण असते.

खिडकीपासून 2-3 मीटर आत, जेमतेम उजेडात हे दोघे तग धरतात, पण पेरांमधलं (पान जिथून फुटतं त्या सांध्यांमधलं) अंतर वाढतं आणि पानं लहान होतात. अशा जागी साधा हिरवा प्रकार घ्यावा. ‘मार्बल क्वीन’सारख्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मनीप्लांटमध्ये पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतं, म्हणून तो मुळातच हळू वाढतो. होया अंधाऱ्या कोपऱ्यात जगेल, फुलणार नाही. तिला खिडकीलगतची जागा आणि सकाळचं कोवळं ऊन हवं.

वेली मरतात त्या बहुधा जास्त पाण्याने. माती सतत ओली राहिली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या भरून जातात, मुळं गुदमरतात आणि मग कुजतात. मनीप्लांट-फिलोडेंड्रॉनसाठी मातीत 3-4 सेंमी बोट खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी घाला, तेही तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून टाका. पानं मलूल आणि माती मात्र ओली, असं दिसलं तर पाणी अजिबात घालू नका. झाड उपसून काळी, लिबलिबीत मुळं कापा आणि नव्या मिश्रणात लावा: 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग पर्लाइट (हलके पांढरे खनिज कण), 1 भाग गांडूळखत.

होयाचं गणित वेगळं. तिची जाड पानं पाणी साठवतात, म्हणून कुंडी जवळपास पूर्ण सुकू द्यावी. जुनं पान दोन बोटांत हलकेच वाकवून बघा: ताठ असेल तर थांबा, लवचिक लागलं तर पाणी द्या. मिश्रणात निम्मी झाडाची साल घाला. कुंडी लहानच ठेवा. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते.

मोठ्या पानांची हौस असेल तर मनीप्लांटच घ्यावा आणि तो चढवावा. लोंबता सोडला की पानं लहान राहतात, ओल्या मॉसपोलवर (शेवाळ गुंडाळलेल्या खांबावर) हवाई मुळं रुतली की वाढू लागतात. पोल कोरडा ठेवला तर मुळं धरत नाहीत, वेल नुसती बांधलेली राहते. बांधताना देठाला नको, खोडाला पेराजवळ बांधा. होया मुळांनी चिकटण्यापेक्षा वेटोळे घालत चढते. तिला तारेची कमान लावा. तिचे बिनपानांचे लांब कोंब छाटू नका, पानं मागाहून येतात. फुलं गळल्यावर उरलेला खुंटही ठेवा, पुढचा गुच्छ त्याच खुंटावर येतो.

नवी रोपं करायला मनीप्लांट सर्वांत सोपा: 2-3 पेरांचा तुकडा, एक पेर पाण्यात, दर आठवड्याला पाणी बदलायचं, मुळं 4-5 सेंमी झाली की मातीत. फिलोडेंड्रॉनही तसाच. होयाच्या नुसत्या पानाला मुळं फुटतात, पण पेर नसेल तर त्यातून वेल येत नाही. कुंडीत खोचलेलं होयाचं एकच हृदयाकृती पान मिळतं ते बहुधा असंच. वेल हवी असेल तर घेऊ नका.

रोप घेताना, विशेषतः होयाचं, पानांच्या बेचक्या आणि पानांची खालची बाजू तपासा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. दोन-चारच असतील तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, आणि ते पुन्हा येत नाहीत अशी खात्री होईपर्यंत रोप इतर झाडांपासून लांब ठेवा.