वाफेच्या बोटीचा बॉयलर तांबट आळीतून करून घेतला, एकदम मस्त काम

दोन्ही बाजूंना चाकं असलेली वाफेवरची छोटी मॉडेल बोट बनवतोय, तिच्यासाठी बॉयलर हवा होता, बाहेरच्या रेडिमेड बॉयलरचे भाव बघून पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली) गाठली आणि पैसे वसूल झाले. तिथल्या तांबट काकांनी तांब्याच्या नळीच्या दोन्ही टोकांना झाकणं अशी ठोकून बसवलीत की फटीत नख जात नाही, वर थोडं मठारकाम (हातोडीने ठोकून उठवलेले ठसे) पण करून दिलं, मी मागितलंही नव्हतं, काय चमकतंय!

जोड मात्र सिल्व्हर ब्रेझिंगचेच (चांदीमिश्रित धातू वितळवून केलेले) करून घ्या. साधं कथील-शिशाचं सोल्डर १८३ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणजे पाणी संपलं आणि खाली बर्नर चालूच राहिला तर जोड उघडलाच समजा, सिल्व्हरवाला ६०० च्या वर जातो. आणि टेस्ट पाण्याने, चालवायच्या दाबाच्या दुप्पट, हवेने अजिबात नको, दाबलेल्या हवेने बॉयलर फुटला की तुकडे उडतात.

शेततळ्यात सोडली तेव्हा इंजिनला गिअर लावून चाकं हळू ठेवली, जोरात फिरवली की नुसतं पाणी घुसळतात, बोट जागची हलत नाही. हळू ठेवल्यावर अशी निघाली की काठावरची पोरं ओरडायलाच लागली.

दिवाळीच्या आधी गेलात तर थांबावं लागतं, बाकी तक्रार नाही. ड्रॉइंग घेऊन जा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा (दाब वाढला की वाफ सोडणाऱ्या झडपेचा) बुश, म्हणजे तो बसवायची आट्यांची कडी, आधीच बसवून मागा.