हास व्हीएफ-2: कॅटलॉगमधला आकडा आणि टेबलावरचा जॉब

अमेरिकेतल्या ऑक्सनार्डमध्ये तयार होणारं हासचं व्हीएफ-2 हे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) भोसरी-चाकणपासून सातपूर-वाळूजपर्यंतच्या जॉबशॉपवाल्यांच्या (दुसऱ्यांचे सुटे भाग करून देणाऱ्यांच्या) यादीत हमखास असतं. स्ट्रोक, म्हणजे अक्षाची सरक, एक्सला 762, वायला 406 आणि झेडला 508 मिमी. टेबल 914 बाय 356, त्यावर जॉब आवळायला 16 मिमीचे तीन टी-स्लॉट. स्पिंडल 40 टेपरचा (टेपर म्हणजे टूल होल्डर बसतो तो शंकू), 8,100 आरपीएम, कमाल 22.4 किलोवॉट. रोज वेगळा जॉब, लॉट 20 ते 200 नगांचा आणि माल मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम किंवा माइल्ड स्टील असेल, तर हे मशीन खरंच चांगलं आहे. दिवसभर एकच सीआय (बिडाचं) कास्टिंग रफ करायचं, म्हणजे जाड थर काढायचे असतील, तर घेऊ नका.

कारण त्या 22.4 किलोवॉटमध्येच दडलं आहे. कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) 122 न्यूटन-मीटर, तोही 2,000 आरपीएमला. आता 80 मिमीचा फेस मिल (सपाट पृष्ठभाग कापणारा मोठा कटर) 180 मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीडने चालवा. आरपीएम येतो 716. तिथे 122 न्यूटन-मीटर पूर्ण धरला तरी पॉवर होते जेमतेम 9 किलोवॉट. म्हणजे मोठ्या कटरला कॅटलॉगमधल्या पॉवरच्या निम्मीही मिळत नाही. त्याच स्पीडला 25 मिमीचा इन्सर्ट ड्रिल मात्र 2,290 च्या आसपास फिरतो आणि तिथे मशीन जोरात चालतं. त्यामुळे कोटेशन मागवण्याआधी आपल्या पाच मुख्य जॉबचे सगळ्यात मोठे कटर लिहून काढा आणि प्रत्येकाचा आरपीएम काढून स्पिंडलच्या टॉर्क-पॉवर आलेखावर ठेवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण मशीनची निवड यावरच ठरली पाहिजे.

उलट बाजूला, अ‍ॅल्युमिनियममध्ये 8 मिमीचा कार्बाइड एंड मिल 300 मीटरने चालवायचा तर जवळपास 12,000 आरपीएम लागतो. 8,100 वर तुम्ही 203 मीटरलाच अडकता. असं काम निम्म्याहून जास्त असेल तर 12,000 आरपीएमचं व्हीएफ-2एसएस बघा.

वायचा 406 मिमी स्ट्रोक ही दुसरी मर्यादा. आपल्याकडे 800 बाय 500 च्या वर्गातली देशी व्हीएमसी सहज मिळतात. तिथे बसणारं जुनं फिक्स्चर (जॉब पकडायचा साचा) इथे कदाचित बसेल, पण मागच्या लोकेटरपर्यंत (जॉब टेकतो त्या पिनेपर्यंत) टूल पोहोचणार नाही. फिक्स्चरच्या मापात प्रोबची (स्पर्शाने जॉबची जागा मोजणाऱ्या टोकाची) किंवा कटरची त्रिज्या दोन्ही बाजूंनी धरून मगच होकार द्या.

टूल चेंजरबद्दल स्पष्ट सांगायचं तर छत्रीवाला (गोल तबकडीत टूल धरणारा) 20 टूलचा चेंजर साधा आणि दुरुस्तीला सोपा आहे. शेजारचे खण भरलेले असताना टूलचा व्यास 89 मिमीपर्यंत आणि वजन 5.4 किलोपर्यंत चालतं. एका जॉबला दहा-बारा टूल लागत असतील आणि सायकल दोन-तीन मिनिटांची असेल, तर आर्मवाल्या साइड-माउंट चेंजरचे जादा पैसे वसूल होतात. सायकल वीस मिनिटांची असेल तर होत नाहीत.

ऑर्डर देताना टेपर बीटी-40 आहे ना, हे लिहून घ्या. अमेरिकेतलं मशीन सीटी-40 मध्येही येतं. दोन्हींचा टेपर सारखाच, पण फ्लँज वेगळा. पुल स्टडचा (होल्डरच्या मागच्या, टूल आत ओढून धरायच्या बोल्टचा) आटा बीटीला एम16 असतो, सीटीला इंचातला. दुकानातले सगळे होल्डर बीटीचे असताना ही चूक फार महागात पडते. पुल स्टडचा कोनही मॅन्युअलप्रमाणेच घ्या. चुकीचा स्टड लावला तर टूल पूर्ण ओढलं जात नाही, फिनिश बिघडतं आणि पुढे ड्रॉबारच्या (टूल आत ओढणाऱ्या दांड्याच्या) बोटांवर येतं.

व्होल्टेजचंही तसंच. मूळ मशीन 195 ते 260 व्होल्ट थ्री-फेजचं, आपली लाइन 415 ची. 354 ते 488 व्होल्टचा पर्याय ऑर्डरमध्येच टाका, नाहीतर बाहेर ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल. रात्री एमआयडीसीत लोड उतरला की व्होल्टेज चढतं, म्हणून सर्वो स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. हवा 6.9 बारला मिनिटाला 113 लिटर लागते आणि ती कोरडी हवी. पावसाळ्यात ड्रायरशिवाय कॉम्प्रेसरचं पाणी थेट टूल-रिलीज सिलिंडरमध्ये जातं.

कंट्रोल ही या मशीनची सगळ्यात जमेची बाजू. नवा मुलगाही स्क्रीनवरचं वर्क-ऑफसेट (जॉबचा शून्यबिंदू ठरवणं) आठवडाभरात शिकतो. जॉबवर अनुक्रमांक कोरायला जी47 हा कोड आहे, गोल पॉकेटला जी12-जी13. फॅनक या जपानी कंट्रोलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम बहुतेक तसेच चालतात, पण डोळे झाकून चढवू नका. जादा ऑफसेट फॅनकवर जी54.1 असतात, हासवर जी154. त्याच प्रोग्रॅममधला उपप्रोग्रॅम बोलावणारा एम97 फक्त इथेच चालतो. आणि दशांश चिन्ह विसरलात तर सेटिंग 162 ऑन आहे की ऑफ यावर एक्स10 चा अर्थ 10 मिमी होतो किंवा 10 मायक्रॉन. अशाच चुकीतून टूल वाइसवर आदळतं. सेटरचा हात फॅनकवर बसलेला असेल आणि दुकानात आधीच चार फॅनक मशीनं असतील, तर बीएफडब्ल्यू किंवा ज्योतीचं फॅनक कंट्रोलवालं देशी मशीन जास्त सोयीचं पडेल. विकायला काढतानाही फॅनकला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

मूळ किमतीत हवं ते सगळं येत नाही. प्रोबिंग, स्पिंडलमधून कूलंट, चिप ऑगर (कीस बाहेर काढणारा स्क्रू), चौथ्या अक्षाची ड्राइव्ह या सगळ्यांचे पैसे वेगळे. यातलं प्रोबिंग पहिल्या दिवसापासून घ्या, लहान लॉटमध्ये सेटिंगचा वेळ तेच वाचवतं. समजा होल्डर, वाइस, स्टॅबिलायझर धरून 50 लाख लागले. आठ तासांच्या दोन पाळ्या, 300 दिवस, 70 टक्के वापर म्हणजे वर्षाला 3,360 तास. सात वर्षांत नुसता भांडवली भार तासाला सुमारे 213 रुपये. व्याज, वीज, ऑपरेटर, टूलिंग यावर चढतं. पार्टीला दर सांगताना हा आकडा समोर असू द्या.

मशीन बसल्यावर लेव्हल 0.02 मिमी प्रति मीटरच्या स्पिरिट लेव्हलने बघा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. 300 मिमी टेस्ट बार लावून स्पिंडलच्या नाकाजवळ आणि बारच्या टोकाला रनआउट (फिरताना किती डगमगतो) घ्या, बॉलबार टेस्टचा (मशीन किती अचूक गोल फिरतं त्या चाचणीचा) कागद मागा. चेंजर सलग दोन तास फिरवा. मशीन चार दिवसांहून जास्त बंद राहिलं तर 20 मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवल्याशिवाय स्पिंडल पळवू नका, दिवाळीच्या सुट्टीनंतर हे हमखास विसरलं जातं. शेवटचा हप्ता तुमच्याच ड्रॉइंगवरचे दहा जॉब टॉलरन्समध्ये निघाल्यावरच द्यायचा, हे ऑर्डरवर आधीच लिहून घ्या.