हायस्टेम हायड्रोजेल किट: मेंदूच्या पेशींवर काम करत असाल तर घ्याच

न्यूरल स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून मेंदूच्या पेशी तयार होतात त्या पेशी, थ्रीडीमध्ये वाढवायच्यात आणि मॅट्रीजेलच्या (लॅबमध्ये पेशी वाढवायला नेहमी वापरतात ते जेल) नखऱ्यांना कंटाळला असाल तर हे हायड्रोजेलचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचं किट घ्या, सरळच सांगते. स्ट्रोकनंतर मेंदूत जी पोकळी राहते ती भरायला कुठलं जेल चालेल, यावर आमच्या लॅबमध्ये काम चालतं, त्यामुळे हे किट बऱ्यापैकी वापरून झालंय.

पावडरीच्या छोट्या बाटल्या येतात. मुख्य बाटली ग्लायकोसिलची, म्हणजे थायॉल (एकमेकांशी जुळणारे गंधकाचे गट) लावलेलं हायलुरॉनिक अ‍ॅसिड, हे शरीरात असणारं लांब साखळीचं साखरेसारखं द्रव्य, दुसरी एक्स्ट्रालिंकची, ते हे धागे एकमेकांना बांधतं, आणि सोबत ऑक्सिजन काढलेलं पाणी. साधं हायस्टेम घेऊ नका, हायस्टेम-सी घ्या, त्यात जिलेटिनची बाटली असते, कारण नुसत्या हायलुरॉनिक अ‍ॅसिडला पेशी नीट धरून राहत नाहीत. हायस्टेम-एचपी व्हर्जनमध्ये हेपॅरिन पण आहे, ते ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं) पकडून ठेवतं आणि हळूहळू सोडतं.

पाणी सिरिंजने झाकणातूनच आत सोडायचं, झाकण उघडलं की हवा लागते आणि थायॉल आपसातच जुळायला लागतात. विरघळायला अर्धा-पाऊण तास धरा, बाटली हलक्या हाताने फिरवत राहायचं, जोरात हलवलं तर बुडबुडे होतात आणि ते नंतर मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मध्ये येऊन बसतात. एक्स्ट्रालिंक घातल्यावर साधारण 20 मिनिटं हातात असतात आणि मला या किटचं सगळ्यात जास्त कौतुक या 20 मिनिटांचंच आहे, पेशी मिसळा, सिरिंजमध्ये भरा, सुई जागेवर आणा, सगळं घाई न करता होतं. बाटली तिरकी केली आणि आतलं हललं नाही की जेल झालं. मऊ खरवसासारखं थरथरतं, आणि तसंच पाहिजे, कारण मेंदू स्वतःच 1 किलोपास्कलच्या आसपास किंवा त्याहून मऊ असतो, कडक जेल घातलं तर पेशी वेगळ्याच वागतात. एक्स्ट्रालिंक कमीजास्त करून हा मऊपणा आपल्याला ठरवता येतो.

मॅट्रीजेलला नावं ठेवायची नाहीत मला, 2013 साली व्हिएन्नाच्या मॅडेलिन लँकेस्टर आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल ऑर्गनॉइड्स, म्हणजे मेंदूसारखे पेशींचे छोटे गोळे, वाढवले ते त्याच्यातच. पण ते उंदराच्या ट्यूमरमधून काढतात, लॅमिनिन आणि कोलॅजन फोर ही प्रथिनं मुख्य असली तरी बाकीचं बॅचप्रमाणे बदलतं, रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, टिप्स गार करा, जरा गरम झालं की पिपेटमध्येच घट्ट. आणि उद्या माणसाच्या मेंदूत घालायचा विचार असेल तर ट्यूमरमधून आलेलं मटेरियल कोण घालू देईल? हायलुरॉनिक अ‍ॅसिड मेंदूत मुळातच भरपूर असतं.

ही नुसती थिअरी नाहीये. स्ट्रोकवर संशोधन करणारे कारमायकेल यांच्या ग्रुपने 2010 मध्ये हायलुरॉनिक अ‍ॅसिड आणि हेपॅरिनवालं जेल वापरून उंदरांच्या स्ट्रोकच्या पोकळीत पेशी घातल्या तेव्हा जेलशिवाय घातलेल्यांपेक्षा जास्त पेशी जगल्या. पुढे 2018 मध्ये तातियाना सेगुरा आणि कारमायकेल यांनी जेलमध्ये व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर) लावलेले हेपॅरिनचे नॅनोपार्टिकल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कण, घातले, तर त्या रिकाम्या जागेत नवीन रक्तवाहिन्या आल्या आणि त्यांच्या आधाराने अ‍ॅक्सॉन्स, म्हणजे मज्जापेशींचे लांब तंतू, वाढले. तो पेपर वाचून मी या विषयाकडे वळले, आजही त्यातले फोटो बघितले की बरं वाटतं.

खटकणाऱ्या गोष्टी म्हणजे किट स्वस्त नाही, आणि आम्ही ज्यांच्याकडून मागवलं त्यांनी डिलिव्हरी दोनदा पुढे ढकलली. बाटल्या हातात आल्याशिवाय सर्जरीची तारीख ठरवू नका, उंदरांचं वय कुणासाठी थांबत नाही.

आता एक महत्त्वाचं, कारण ओळखीतले लोक फोन करून विचारतात की बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आलाय, ते जेलचं इंजेक्शन मिळेल का. नाही मिळणार हो. हे किट फक्त रिसर्चसाठी आहे आणि स्ट्रोकच्या पोकळीत जेल घालण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं उंदरांमधलं आहे. कुणी स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारं असं जेल) किंवा स्टेम सेल थेरपी म्हणून पैसे मागत असेल तर त्यांच्याकडे एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा (माणसांवरच्या चाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन नंबर मागा, नाही दिला तर उठून या. क्लॉट विरघळवणारं इंजेक्शन स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय असं दिसलं की लगेच हॉस्पिटल गाठा, आणि नंतर फिजिओ चुकवू नका.

लॅबवाल्यांनो, पहिल्यांदा घेताय तर सगळ्यात छोटं सी किट घ्या, एक्स्ट्रालिंकची दोन-तीन प्रमाणं करून आधी पेशींशिवाय जेल बनवून बघा, मग पेशी घाला. एचपी नंतर, ग्रोथ फॅक्टरचं ठरलं की.