जुना ड्रायर घरीच दुरुस्त करणार असाल तर: गॅसचा की विजेचा?

बेसमेंटमध्ये गॅसचा नळ आणि त्याच्या शेजारीच 240 व्होल्टचं सॉकेट, असं ज्यांच्या घरी आहे त्यांनाच हा प्रश्न पडतो. न्यू जर्सीत जुनं घर घेतलं आणि आम्हाला तो पडला. घराबरोबर ऐंशीच्या दशकातला, कपडे वाळवायचा गॅसचा ड्रायर आला. कपड्यांचे तंतू अडवणारी जाळी वरून काढायची, यंत्र 29 इंची रुंद, बटण काय ते एकच, फिरवायचं. सहा वर्षं तो वापरला. मग दोन गल्ल्या पलीकडचे एक आजोबा घर विकून फ्लोरिडाला निघाले आणि जाताना त्यांचा विजेवरचा ड्रायर मला देऊन गेले. दिसायला जुळा भाऊच. तो आता पाच वर्षं चालतोय. दोघांचंही पोट मीच फाडलंय आणि मीच शिवलंय, त्या जोरावर हे लिहितोय. नवा घ्यायचा की जुना टिकवायचा, हा वाद तुमच्या घरात मिटलाय असं धरून चालतो.

दोघांत जे सारखं आहे ते आधी उरकतो. ड्रम, बेल्ट, ताण देणारी छोटी पुली, मागचे दोन रोलर, मोटर, पंखा, सगळं एकाच ठेवणीतलं. किंचाळायला लागला की पुली सुकली. धाडधाड वाजायला लागला की रोलर झिजले. मोटर चालते पण ड्रम जागचा हलत नाही, म्हणजे बेल्ट तुटला. उघडायची रीतही एकच: प्लग काढा, जाळीच्या खाचेजवळचे दोन स्क्रू काढा, रंगारी लांबी भरायला वापरतात तसली पातळ पट्टी वरच्या पत्र्याच्या फटीत सारून झटका द्या. झाकण मोटारीच्या बॉनेटसारखं वर येतं. तळाशी पंधरा-वीस क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी), एक लेगोचा ठोकळा आणि कधी काळी हरवलेला हूक सापडतो. बेल्ट पुलीखालून घेऊन मोटरवर चढवताना पहिल्यांदा अर्धा तास जातो, तिसऱ्यांदा दोन मिनिटं.

वेगात गॅसचा पुढे आहे, हे मान्य करायला हवं. हिशेबही तसाच सांगतो. या आकाराचा गॅसचा बर्नर साधारण तासाला 22,000 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं इथलं माप), म्हणजे सहा किलोवॉटच्या वर. विजेची कॉइल 5,400 वॉटची. माझं मोजमाप मात्र आयपीएलचं. सामना आमच्याकडे सकाळी दहाला सुरू होतो आणि टॉवेलांचा घाणाही तेव्हाच लागतो. गॅसवर पहिल्या दहा षटकांत टॉवेल खणखणीत वाळायचे. विजेवर तेरावं-चौदावं षटक उजाडतं. आईने पुण्याहून आणलेली गोधडी तर विजेवर दुसऱ्या डावात जाते. बिलही आमच्या भागात गॅसचं हलकं. रोज दोन-तीन घाणे निघणारं मोठं कुटुंब असेल, तर पुढचं वाचूनही तुम्ही गॅसच घ्याल आणि त्यात तुमचं काही चुकणार नाही.

माझा निर्णय मात्र वेगावर झाला नाही. तो झाला गॅसच्या ड्रायरमधल्या दोन छोट्या कॉइलींवर.

एका हिवाळ्यात कपडे दमट निघायला लागले. तासभर फिरवले तरी जीन्सच्या कमरेत ओल. जाळी साफ, बाहेरची झडप उघडी, वारा जोरात. खालचा पत्रा काढून बघितलं तर बर्नर पेटलेला, ज्योत निळी. बंद केला, प्लग काढला, मल्टिमीटर (विजेची वाट शाबूत आहे का ते सांगणारं मीटर) लावून एकेक भाग तपासला. सगळं ठीक. पुन्हा लावला, पुन्हा पेटला, आणि कपडे पुन्हा दमट. शेवटी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत यंत्र गार झालं होतं. त्याच्यासमोर ते असं शहाण्यासारखं पेटलं की तो माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. आमचा मुलगा लहानपणी डॉक्टरांच्या दारात पोचला की त्याची पोटदुखी थांबायची, तसंच. भेटीचे पैसे घेऊन गृहस्थ गेला.

मग एका रविवारी बेसमेंटच्या फरशीवर जुनी चादर अंथरून आडवा झालो आणि वीस मिनिटं नुसता बघत राहिलो. पहिल्यांदा पेटवणारी कांडी नारिंगी झाली, टक् असा आवाज आला, भप्पकन ज्योत आली. काही वेळाने आतली हवा तापली म्हणून ज्योत बंद झाली, तेही नेहमीचंच. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा कांडी नारिंगी झाली, टक् झालं, कांडी विझली, आणि ज्योत आलीच नाही. मिनिटभराने पुन्हा नारिंगी, टक्, अंधार. त्यानंतर ड्रायर नुसताच गार वारा घालत राहिला.

यामागचं यंत्र सरळ आहे. कांडी पुरेशी तापली की शेजारचा सेन्सर उघडतो (टक् आवाज त्याचाच) आणि वीज गॅसच्या झडपेवरच्या कॉइलींना मिळते. त्या झडप उचलतात आणि गॅस येतो. जुन्या कॉइली गार असताना झडप नीट उचलतात. तापल्या की त्यांची ताकद जाते. म्हणून पहिली दहा मिनिटं सगळं छान आणि नंतर ठणठणाट. मल्टिमीटर लावताना यंत्र नेहमी गारच असतं, त्यामुळे तोही बिचारा ‘ठीक आहे’ म्हणतो. बदलायला मात्र काहीच लागत नाही. दोन स्क्रूंची पट्टी काढायची, जुन्या कॉइली उचलायच्या, नव्या बसवायच्या. गॅसच्या नळीला हातही लावावा लागत नाही. शोधायला तीन आठवडे गेले आणि दुरुस्तीला पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांतही माझा स्क्रू ड्रायव्हर कांडीला लागला आणि ती खडूसारखी मोडली, ही गोष्ट मी घरी बराच काळ सांगितली नव्हती.

विजेच्यात असा लपंडाव मला अजून तरी भेटलेला नाही. हीटरची कॉइल तुटली की तुटली. प्लग काढा, मागचा पत्रा काढा, कॉइलच्या टोकाची एक वायर सोडवा, मल्टिमीटर लावा. दहा-अकरा ओहम आले तर शाबूत, काटा हललाच नाही तर तुटली. एक टोक आणि पत्र्याची पेटी यांच्यामध्येही तपासा. तिथे वाट सापडली तर तुटलेली तार पेटीला टेकली आहे, आणि असा ड्रायर ‘गार हवा’ लावली तरी तापत राहतो. थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज (यंत्र फार तापलं की उडणारा) यांचंही बहुतेक वेळा तसंच, थंड डोक्याने आणि थंड यंत्रावर उत्तर मिळतं. फ्यूज उडाला तर नवा लावण्याआधी वाफेची नळी तुंबली आहे का ते बघा. तो उगाच उडत नाही. त्याला तारेने बगल देण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाचा चहा पिऊन घरी या.

विजेच्यानेही मला एकदा मामा बनवलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. ड्रम फिरतोय, दिवा लागतोय, पण उष्णता नाही. दोन दिवस मी आत शोधत होतो. आमच्या घरात जुनं फ्यूजचं पॅनेल आहे आणि त्यातला ड्रायरच्या जोडीपैकी एक फ्यूज गेला होता. मोटर 120 व्होल्टवर चालते, हीटरला मात्र पूर्ण 240 लागतात. तेव्हापासून आधी पॅनेल बघतो, मग पत्रे काढतो.

जुना विजेचा ड्रायर आणताना एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. 1996 नंतर नव्या वायरिंगला चार काड्यांचा प्लग आला. जुन्या ड्रायरला बहुतेक तीन काड्यांची वायर असते आणि त्याचा पत्रा आतून न्यूट्रलला (विजेच्या परतीच्या वायरला) जोडलेला असतो. चार काड्यांची वायर लावली की तो जोड काढून पत्रा हिरव्या (अर्थिंगच्या) वायरला द्यायचा. हे कळत नसेल तर तेवढ्यापुरता इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणखी एक बाजू आहे, थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या 2008 ते 2010 च्या आकड्यांनुसार घरातल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900, आणि त्यांचं पहिल्या क्रमांकाचं कारण साफसफाई न करणं. म्हणजे ड्रायर भिंतीपासून ओढून मागची चार इंची नळी साफ करायलाच हवी. इथला बांधकामाचा नियम साधारण 35 फुटांची नळी चालवून घेतो आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातून 5 फूट कापतो. आमच्याकडे तीन वळणं, त्यामुळे लिंट (कपड्यांचे बारीक तंतू) लवकर साठतं. विजेचा ड्रायर मी वर्षातून दोनदा सहज ओढतो. गॅसचा ओढताना गॅसच्या नळीला मुरड पडेल या धास्तीने मी आज-उद्या करत राहायचो, मग सरकवलाच तर गॅस गळतोय का ते बघायला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. घाबरणं योग्यच होतं, पण घाबरण्यामुळे सफाई लांबत होती. हिवाळ्यात गरम हवा घरातच सोडण्याची कल्पना काहींना सुचते. गॅसच्या ड्रायरबाबत ती मनातही आणू नका, त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

तुमचे कान तिखट असतील, यंत्रासमोर वीस मिनिटं आडवं पडायची तयारी असेल आणि कपडे लवकर वाळायची घाई असेल, तर गॅसचा चालेल. कॉइलींचा एक जोड आणि एक कांडी आधीच आणून ठेवा. मी मात्र नोकरी सांभाळून रात्री दहाला बेसमेंटमध्ये उतरणारा माणूस. बंद यंत्रावर हो की नाही तेवढं सांगणारा ड्रायर मला परवडतो, चार षटकं जास्त लागली तरी.

गॅसच्या नळाला आता पितळी टोपण आहे. जुना ड्रायर भंगारात देण्याआधी त्याचे रोलर, पुली आणि बेल्ट काढून चकलीच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते. त्यातले दोन रोलर गेल्या महिन्यात विजेच्याला बसवले.