चार हजार मागे ठेवले, सोळाशे मोजले: क्रेडिट कार्डाचे सतरा महिने

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीचे हिशेब), हमाली, तोलाई, नावे-जमा. त्यामुळे क्रेडिट कार्ड घेताना वाटलं होतं, हिशेबाचंच तर काम आहे, आपल्याला कोण फसवणार? कोणी फसवलं नाही. मीच नीट वाचलं नव्हतं.

कार्ड गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतलं. मर्यादा ६० हजार, वर्षाची फी ४९९ अधिक जीएसटी, आणि वर्षात ठरावीक खर्च झाला की ती माफ. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहितोय ते बहुतेक सगळ्या कार्डांना लागू आहे. एक महिना सोडला तर दर वेळी बिल पूर्ण भरलं. लिहायला बसलोय तो त्या एका महिन्यामुळे.

आधी तारखा. माझं बिल तेव्हा १२ तारखेला निघायचं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची २. म्हणजे १३ मेला काही घेतलं तर पैसे द्यायला २ जुलैपर्यंत पन्नास दिवस मिळतात. तीच वस्तू ११ जूनला घेतली तर एकवीसच. जाहिरातीतले 'पन्नास दिवस बिनव्याजी' ते हे. तसं पाहिलं तर किराणा दुकानाची वहीच ही, माल आज आणि पैसे महिन्याने. फक्त गणपती पेठेतल्या आमच्या दुकानदाराकडे दोनशे मागे राहिले तर तो ते पुढच्या पानावर ओढतो आणि वर चहा सांगतो.

मे महिन्यात वॉशिंग मशीन बंद पडलं. १४ तारखेला नवीन आणलं, १८,५०० रुपये. बिल निघून दोनच दिवस झाले होते, म्हणजे मुदत भरपूर, या शहाणपणावर मी खूश. ५ जूनला मुलीची पुस्तकं, गणवेश, दप्तर मिळून ५,८८०. बिल आलं २४,३८०. आणि माझा पगार होतो ७ तारखेला, म्हणजे २ तारखेला खातं नेमकं तळाला. मेसेजमध्ये दोन आकडे होते, एकूण देय २४,३८० आणि किमान देय १,२१९. मी १ जुलैला वीस हजार भरले. डोक्यातला हिशेब असा: मागे राहिले ४,३८०, महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे १५८ रुपये. जाऊ दे दीडशे. खात्री म्हणून कस्टमर केअरला फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही किमान रकमेपेक्षा खूप जास्त भरलंय, काळजी करू नका."

१२ जुलैच्या बिलात व्याज १,३७२ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २४७. एकूण १,६१९.

आधी वाटलं चूक झाली. मग रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. आमच्या धंद्यात बाकी उरली तर व्याज बाकीवर लागतं. कार्डाचं तसं नाही. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत मागे जाऊन रद्द होते, आणि प्रत्येक खरेदीवर ती केली त्या दिवसापासून व्याज धरलं जातं. ३.६ टक्के महिना म्हणजे ४३.२ टक्के वर्ष. मशीनचे १८,५००, १४ मे ते १ जुलै ४८ दिवस, व्याज १,०५१. पुस्तकांचे ५,८८०, २६ दिवस, १८१. मागे राहिलेल्या ४,३८० चे १ ते १२ जुलै ५७ रुपये. ज्या रकमेचं व्याज मी मनात धरलं होतं, तिचे फक्त सत्तावन्न! उरलेल्यातले बहुतेक मी वेळेत भरलेल्या पैशांचे. त्यात आणखी एक. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही मुदत नाही. २० जूनला ३,२०० चा किराणा घेतला होता, त्याचे ८३. बेरीज बरोबर १,३७२. बँकेची चूक नव्हती.

१४ जुलैला होतं नव्हतं ते सगळं भरून टाकलं. तरी ऑगस्टच्या बिलात २१ रुपये आलेच, १२ ते १४ जुलै या दोन दिवसांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी. हे शेपूट माहीत नसलं तर माणूस सगळं फिटलं म्हणून पुढचं बिल उघडतही नाही.

दुकानात शेठना सांगितलं तर हसले. म्हणाले, "दिवाणजी, शेतकऱ्याच्या पट्टीत आठ आणे चुकू देत नाही तुम्ही, आणि घरचं असं?" नंतर विचारलं, "शेकडा किती म्हणालात?" शेकडा तीन रुपये साठ पैसे, म्हटलं. यार्डात शेकडा दोन म्हटलं तरी लोक भुवया उंचावतात. आपल्याकडे परवाना असलेल्या सावकाराला बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. कार्डाला ती मर्यादा लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा दर कमी होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

किमान देयाबद्दल माझं मत अगदी वाईट आहे. ते भरल्याने विलंब शुल्क लागत नाही आणि सिबिलवर थकबाकी दिसत नाही, हे खरं. पण व्याजाशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या वेळी १,२१९ भरले असते किंवा वीस हजार, मुदत दोन्हीकडे गेलीच असती. मेसेजमध्ये तो आकडा एकूण देयाच्या शेजारी इतका निरागसपणे बसलेला असतो की थकलेल्या माणसाचं बोट तिकडेच जातं.

मग दोन बदल केले. पहिला तारखेचा. पगार ७ ला आणि बिल २ ला, हे मुळातच चुकीचं होतं. बिलाचं चक्र बदलून मागता येतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबाबतच्या निर्देशांनुसार बँकेला ती सोय द्यावीच लागते. मी मागितल्यावर आधी "होत नाही सर" हेच ऐकलं. लेखी अर्ज दिल्यावर झालं. आता बिल २२ ला निघतं आणि भरायची तारीख १२ च्या आसपास येते. पगार हातात आल्यावर चार-पाच दिवस मिळतात. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा बदल ऑटो डेबिटचा. शाखेत फॉर्म मागितला तर तिथल्या मुलाने स्वतःच पेन्सिलने खुणा करून दिल्या, "इथे, इथे सही करा." बघतो तर खूण 'किमान देय रक्कम' या चौकटीत. खोडायला लावून 'एकूण देय' करून घेतलं. ज्यांनी ऑटो डेबिट लावून निश्चिंत झालोय असं समजलंय त्यांनी एकदा ॲपमध्ये जाऊन कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघावं. आणि खात्यात पैसे नसले तर ऑटो डेबिट परत जातं, दोन्हीकडून दंड बसतो. म्हणून मी कार्डाला खतावणीत एक पान दिलंय. कार्ड वापरलं की त्याच रात्री नोंद, आणि दर रविवारी आठवड्याची तेरीज (एकूण बेरीज) मारून तेवढे पैसे वेगळ्या बचत खात्यात टाकतो. पगारानंतर ते एकरकमी ऑटो डेबिटच्या खात्यात घेतो. बायको म्हणते, "अहो, एवढंच करायचं तर रोख का देत नाही?" प्रश्न रास्त आहे.

कारण फायदा म्हणाल तर फारसा नाही. महिन्याला अकरा-बारा हजार खर्च कार्डावर जातो. ते पैसे महिनाभर बचत खात्यात राहिले तर पंचवीस-तीस रुपये व्याज. सतरा महिन्यांचे सगळे पॉइंट मिळून १,४८० रुपयांची व्हाउचरं झाली. त्या एका चुकीचे १,६४० वजा करा. नुसत्या पॉइंटांच्या हिशेबात अजून १६० रुपयांनी मी आत आहे.

तरी कार्ड बंद केलं नाही, त्याचं कारण मागचा ऑगस्ट. आमचं घर कर्नाळ रोडकडे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांकडे चढायला लागलं की आम्ही २०१९ च्या महापुरानंतर वाट बघत बसत नाही. आईला आणि सामान विश्रामबागला बहिणीकडे हलवलं. टेम्पोवाल्याला रोख द्यावी लागली, पण आईची दोन महिन्यांची औषधं, किराणा, गॅसची शेगडी हे सगळं कार्डावर गेलं, साधारण १९ हजार. हातातली रोख हातात राहिली. बिल आलं तेव्हा भिशीचे पैसे लागले होते, त्यातून पूर्ण भरलं. एक रुपया व्याज नाही. भिशी लागली नसती तर आवर्ती ठेव मोडली असती, कारण ठेव मोडण्याचा तोटा ४३ टक्क्यांच्या आसपासही जात नाही.

एटीएममधून कार्डावर रोख काढणं मात्र माझ्या यादीतच नाही. त्याला मुदत नसतेच, व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर शुल्क वेगळं. ॲपमध्ये ती सोयच बंद करून ठेवलीय.

रुपे कार्ड यूपीआयला जोडल्यापासून एक नवी पंचाईत आहे. दुकानाच्या क्यूआरवर थेट कार्डातून पैसे जातात. भाजीवाल्या मावशींच्या साध्या क्यूआरवर जात नाहीत, हे एक बरं. भडंगाचं पाकीट, चहा, झेरॉक्स, वीस-वीस रुपयांच्या नोंदी वहीत राहून जातात. या महिन्याचं बिल ९,७४२ आणि माझी तेरीज ९,६९३. एकोणपन्नास रुपयांसाठी दोन रात्री पान उलटसुलट केलं. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, ते माझ्या गाण्यांच्या ॲपचे असतील."

नावे टाकले.