पाच टक्के की वीस बाय-इन?

पोकरचे पैसे पगाराच्या खात्यात मिसळायचे नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. अडतं ते पुढे. त्या वेगळ्या ठेवलेल्या पैशातले, म्हणजे बँकरोलमधले, एका वेळी किती टेबलावर न्यायचे? मी दोन्ही हिशेब एकेक वर्ष चालवून पाहिलेत.

पहिला हिशेब टक्क्यांचा. पोकरपटू ख्रिस फर्ग्युसनने 2006 साली ऑनलाइन फुकटच्या टूर्नामेंटपासून सुरुवात केली आणि शून्यावरून दहा हजार डॉलरपर्यंत गेला, तो याच नियमांवर. (तो ज्या फुल टिल्ट या पोकर साइटच्या संचालकांपैकी एक होता, तिथेच 2011 साली खेळाडूंचे पैसे अडकून पडले, तो भाग वेगळा.) नियम असे: कॅश गेमला (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे आणि केव्हाही उठता येतं) बँकरोलच्या 5 टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, टूर्नामेंटला 2 टक्क्यांहून जास्त नाही. शिवाय टेबलावरचा स्टॅक, म्हणजे आपल्यापुढच्या चिप्स, बँकरोलच्या 10 टक्क्यांवर गेला, की ब्लाइंड (आळीपाळीने भरावी लागणारी सक्तीची रक्कम) आपल्यापाशी येताच उठायचं.

दुसरा हिशेब ठोक. ज्या टेबलावर बसायचंय त्याचे 20 बाय-इन (एक बाय-इन म्हणजे बसताना घेऊन जायची रक्कम) खात्यात असतील तर जा, नाहीतर घरी बसा.

सुरुवातीला दोन्ही एकच. माझ्याकडे 4 लाख होते आणि बाय-इन 20,000 चा. फरक कळतो तो हरायला लागल्यावर, आणि इथे टक्केवाला उजवा आहे, हे मान्य. तीन बाय-इन गेले, 3,40,000 उरले, की तो सरळ सांगतो: आता 17,000. ठोक हिशेब याबाबतीत मुका. 19 उरले तर काय करायचं, हे तो सांगतच नाही. मी आपल्या मनाने 15 ची रेघ मारली. त्याखाली गेलं तर खातं पुन्हा 20 वर येईपर्यंत गोव्याच्या कॅसिनोत जाणं बंद.

पण 17,000 घेऊन बसणार कुठे? मी बसायचो त्या टेबलाला 20,000 हून कमी चालत नसे. ऑनलाइन खेळात लहान-मोठ्या रकमेच्या पायऱ्या भरपूर, एक उतरली की खालची तयार. आपल्याकडे ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचा ऑनलाइन खेळच बंद झाला. न्यू जर्सीत तो कायदेशीर आहे, एडिसनला राहणारा माझा मावसभाऊ सेंटांत खेळतो आणि टक्क्यांवर खूश आहे. त्याचं चूक म्हणणार नाही.

माझा निकाल मात्र त्या 10 टक्क्यांनी लावला. स्वारगेटहून रात्रीची बस, दिवसभर पणजीत लोळणं, संध्याकाळी जेटीवरून मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. नऊला बसलो. नऊ चाळीसला अठ्ठ्यांचा सेट (तीन अठ्ठे) लागला आणि समोरच्या काकांनी पूर्ण स्टॅक लावला. माझ्यापुढे 43,500. मोबाइलवर आकडेमोड केली: बँकरोल 4,23,500, त्याचे 10 टक्के 42,350. ब्लाइंड तीन खुर्च्यांवर. काका बिर्याणी मागवून रिबाय करत होते, म्हणजे पुन्हा चिप्स घेत होते, आणि मी चिप्स गोळा करून उठलो! दुसरं टेबल नव्हतंच. मग मध्यरात्रीपर्यंत बुफेतलं पनीर आणि डेकवरची हिंदी गाणी. बस, खोली आणि एंट्रीचा खर्च चाळीस मिनिटांच्या खेळासाठी.

स्टॅक मोठा झाला की धोका वाढतो, नियमामागचं कारण खरंच आहे. पण वर्षातून चारदा साडेचारशे किलोमीटर जाणाऱ्याने तो पाळायचा, तर वर्षाचा खेळ दोन-तीन तासांचा व्हायचा.

दुसरी कटकट लहान आहे. टक्के काढायचे ते नेमके कशाचे? पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर सपाट 30 टक्के कर आणि वर सेस, त्यातून हरलेली रक्कम वजा होत नाही. म्हणजे खात्यात दिसतं ते सगळं आपलं नसतं. मी कराचा वाटा ट्रिपहून आल्या आल्या दुसरीकडे वळवतो आणि उरलेल्याला वीसने भागतो. भागाकार एकदाच, घरी, चहा पिताना. टेबलावर मोबाइल काढावा लागत नाही.

टूर्नामेंटवाल्यांनी माझं ऐकू नये. तिथे चढउतार फार, वीस पुरायचे नाहीत. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याला टक्केच जमतील बहुधा. माझ्यासारख्या बसवाल्याला वीसच बरे, आणि खिशात त्यातले तीनच.

गेल्या खेपेला 46,000 वर होतो, उठलो नाही. पहाटे तीनला 31,000 घेऊन परतीच्या बोटीत बसलो. वहीत आकडा टाकला आणि बसमध्ये कोल्हापूर येईपर्यंत झोपलो.